धातूचे वावडे : नित्याच्या उपकरणांपासून होणारा त्वचाविकार

व्यापाऱ्याच्या अंगाशी आज जितका धातू दिवसभर लागून असतो, तितका तो पूर्वी कधीही नव्हता. जुन्या पेढीवर तराजू, कुलूप, गल्ल्यातील नाणी आणि बोटातील अंगठी एवढाच काय तो धातूचा संबंध येत असे. आता मनगटावर स्मार्ट घड्याळ, हातात व कानाशी मोबाईल, कानांत इयरफोन, नाकावर चष्मा आणि तळहाताखाली लॅपटॉप असतो. आणि यांपैकी प्रत्येक वस्तू तासन्तास त्वचेस चिकटून राहते. या साधनांची उपयुक्तता निर्विवाद आहे. त्यांच्यावाचून आजचा व्यवहार चालणे नाही. तथापि मनगटावर घड्याळाच्या आकाराचा लाल चट्टा उठणे, कानाच्या पाळीस पाणी सुटणे, गालाच्या एकाच बाजूस खाज येऊन कातडी जाड होणे, अशा तक्रारी अलीकडे घरोघरी ऐकू येतात. त्यांचे निदान मात्र बहुधा 'उष्णता झाली', 'रक्त बिघडले' किंवा 'नायटा झाला' असे घरच्या घरीच केले जाते, आणि औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणून प्रकरण मिटविण्याचा प्रयत्न होतो. मलमाने चट्टा चार दिवस दबतो, पाचव्या दिवशी पुन्हा उठतो. कारण मूळ कारण मनगटावर तसेच बांधलेले असते.

अशा कित्येक तक्रारींच्या मुळाशी एक विशिष्ट धातू असतो, तो कसा ओळखावा व त्यापासून कसे दूर राहावे, हे समजावून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. विषय आरोग्याचा आहे, तसाच तो व्यापाराचाही आहे. कारण ज्या वस्तूंमुळे हा विकार होतो त्या आपण वापरतो आणि आपल्यापैकीच अनेक जण त्या विकतातही.

निकेल : उपयुक्त पण उपद्रवी

हा धातू म्हणजे निकेल. जर्मनीतील खाणकामगारांना तांब्यासारखे दिसणारे परंतु कितीही भाजले तरी तांबे न देणारे एक खनिज सापडत असे. ते खनिज भुताटकीचे आहे असे मानून त्यांनी त्यास 'कुप्फरनिकेल', म्हणजे भुताचे तांबे, असे नाव दिले होते. १७५१ साली स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने अशाच एका खनिजातून एक नवा धातू वेगळा केला आणि त्या जुन्या नावातील उत्तरार्ध त्यास दिला.

निकेल चकाकते, सहजी गंजत नाही, इतर धातूंत चांगले मिसळते आणि त्याचा मुलामा टिकाऊ होतो. या गुणांमुळे ते सर्वत्र शिरले. भांडीबाजारात ज्यास 'जर्मन सिल्व्हर' म्हणतात त्यात नावापुरतीही चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण होय. १९५० सालच्या भारतीय नाणेमालिकेतील रुपया, अर्धा रुपया आणि पाव रुपया ही नाणी निकेलचीच होती. सोन्याचा किंवा क्रोमियमचा पातळ मुलामा द्यावयाचा असला तर त्याखाली बहुधा निकेलचा थर देण्यात येतो. म्हणून वरून सोनेरी किंवा रुपेरी दिसणारी पट्ट्याची पकड, घड्याळाची मागील तबकडी, मोबाईलची कड, उपकरणाचे बटण, इयरफोनची जाळी, चष्म्याची दांडी यांच्या पृष्ठभागाखाली निकेल दडलेले असू शकते. मुलामा शाबूत असेतोवर ते त्वचेस लागत नाही. घासून घासून मुलामा झिजला की ते उघडे पडते. 'हे घड्याळ आम्ही पाच वर्षे वापरीत आहोत, मग त्रास आताच का व्हावा?' या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे.

निकेलच्या जोडीस कोबाल्ट आणि क्रोमियम हे दोन धातूही असा त्रास देतात. क्रोमियमची क्षारे चामडे कमावण्यासाठी वापरतात, त्यामुळे चामड्याच्या पट्ट्यानेही काही जणांचे मनगट उठते. चामडे न वापरण्याचा नेम पाळणाऱ्या आपल्या अनेक घरांत तो प्रश्न सहसा येत नाही. परंतु त्याच नेमामुळे धातूच्या साखळीच्या पट्ट्याकडे ओढा अधिक असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

वावडे उत्पन्न कसे होते?

धातू कोरडा असताना त्वचेस सहसा काही करीत नाही. घामात मीठ असते. त्या खारट ओलाव्याने निकेलचे अतिसूक्ष्म कण विरघळतात आणि त्वचेत उतरतात. तेथील प्रथिनांशी त्यांचा संयोग झाला की शरीराच्या संरक्षक पेशी त्यास परका शत्रू समजतात, त्याची वार्ता जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचवितात आणि तेथे त्या शत्रूची ओळख धरून ठेवणाऱ्या पेशी तयार होतात. या पहिल्या टप्प्यात वरून काहीच दिसत नाही. तो काही आठवड्यांत पुरा होतो किंवा कित्येक वर्षे चालतो. एकदा ओळख पक्की झाली की पुढे थोडेसे निकेल लागले तरी त्या पेशी धावून येतात, आणि त्वचेवर लाली, खाज, बारीक फोड, पाणी सुटणे अशी लक्षणे दिसू लागतात. जुनाट झाल्यावर कातडी काळवंडते, जाड व भेगाळ होते. आपण ज्यास इसब म्हणतो त्याचाच हा एक प्रकार आहे.

येथे तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, हा विकार अस्वच्छतेचा नाही व संसर्गजन्यही नाही. ज्यास तो झाला आहे त्याच्या शेजारी बसल्याने अथवा त्याच्या हातचे खाल्ल्याने तो कोणास होत नाही. उपवर मुलीच्या मानेवरील किंवा कानांवरील अशा चट्ट्यांची कुजबुज करून तिला संकोचात टाकणे हे अज्ञानाचे लक्षण समजावे. दुसरी, लक्षणे संपर्कानंतर लगेच दिसत नाहीत. ती बहुधा एक ते तीन दिवसांनी उमटतात. रविवारी लग्नसमारंभात घातलेल्या घड्याळाचा चट्टा मंगळवारी उठतो आणि दोष मात्र सोमवारच्या जेवणावर जातो. तिसरी, एकदा जडलेले हे वावडे बहुधा जन्मभर टिकते. ते मुळापासून घालविणारे खात्रीचे औषध नाही. परंतु संपर्क टाळला तर मनुष्य पूर्ण सुखाने राहू शकतो.

वावडे जडण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे कान टोचणे. ताज्या जखमेत निकेलयुक्त तार किंवा फिरकी राहिली तर धातूचा थेट रक्तमांसाशी संबंध येतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार कितीतरी अधिक आढळतो, त्याचे मुख्य कारण हेच मानले जाते. ज्या मुलीचे वावडे पाळण्यातल्या वयात हलक्या दागिन्याने सुरू झाले, तिला विसाव्या वर्षी स्मार्ट घड्याळ बांधताच ते मनगटावर दिसू लागते. घड्याळ हे तेथे केवळ निमित्त असते.

अनुभवाने शिकविलेले

मोबाईल आणि त्वचा यांचा संबंध वैद्यांच्या ध्यानात यावयास फार काळ लागला नाही. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००८ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यांनी २२ मोबाईल तपासले असता १० मोबाईलांच्या पृष्ठभागावर निकेल सापडले. पुढे पुष्कळ मोबाईलांची बाहेरील बाजू काच, प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमची झाली, तेव्हा हे भय उणावले. संपले मात्र नाही.

अमेरिकेतील बालरोगविषयक नियतकालिकात २०१४ साली एका ११ वर्षांच्या मुलाची हकीकत आली. त्याच्या अंगभर खाज सुटणारे चट्टे उठले होते व नेहमीच्या उपचारांनी ते आटोक्यात येत नव्हते. चाचणीत निकेलचे वावडे निघाले, आणि घरी २०१० साली आणलेल्या टॅब्लेटच्या पृष्ठभागावर निकेल आढळले. टॅब्लेटला आवरण घातल्यावर मुलाची प्रकृती पुष्कळच सुधारली.

त्याच वर्षी 'फिटबिट फोर्स' नावाचे, पावले मोजणारे मनगटी साधन उत्पादकाने बाजारातून परत घेतले. अमेरिकेत असे सुमारे १० लाख पट्टे विकले गेले होते आणि मनगट उठल्याच्या सुमारे ९,९०० तक्रारी आल्या होत्या. त्यांचे कारण केवळ धातू नव्हते. पट्टा जोडण्यासाठी वापरलेली चिकट द्रव्येही त्यात होती. यावरून असे दिसते की, साधनाखालचा प्रत्येक चट्टा निकेलचाच असेल असे धरून चालू नये. मधुमेही मंडळी दंडावर चिकटवितात त्या साखरमापकाखाली होणारा त्रासही पुष्कळदा त्यातील चिकट द्रव्याचा असतो. शिवाय पट्टा घट्ट बांधल्यामुळे खाली साठलेला घाम, साबण व मळ यांनीही कातडी सोलवटते. गोव्यासारख्या दमट प्रदेशात किंवा पावसाळ्यात ही तक्रार अधिक होते. पट्टा सैल केल्याने व जागा कोरडी ठेवल्याने ती थोड्याच दिवसांत बरी झाली, तर वावड्याची शंका घेण्याचे कारण नाही.

ओळखावे कसे?

वावड्याची पहिली खूण त्याच्या जागेत व आकारात असते. चट्टा वस्तूची जणू छापच उमटवितो. मनगटावर पकडीच्या जागी चौकोन, मोबाईल ज्या कानाशी धरतो त्याच बाजूच्या गालावर पट्टा, चष्म्याच्या दांडीची कानामागील रेघ, पँटच्या बटणाची किंवा कंबरपट्ट्याच्या बकलाची नाभीखालील खूण, या जागा पाहिल्या की पुष्कळसा उलगडा होतो. नायटा बहुधा कडेने वाढत गोल पसरतो व मध्यभागी निवळत जातो. तो वस्तूच्या आकारात राहत नाही. तथापि नुसत्या डोळ्यांनी निर्णय देण्याचे धाडस आपण करू नये.

खात्रीची परीक्षा म्हणजे पट्टी-चाचणी, जिला 'पॅच टेस्ट' म्हणतात. १८९५ साली ग्राझ येथे भरलेल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत योसेफ याडासोन यांनी ही पद्धत मांडली, व आजही ती तत्त्वतः तशीच आहे. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम इत्यादी द्रव्यांचे अल्प अंश पाठीवर छोट्या पट्ट्यांखाली लावतात, ४८ तासांनी पट्ट्या काढतात आणि तेव्हा व पुन्हा एकदोन दिवसांनी त्वचा तपासतात. ज्या जागी लाली व फोड उठतात ते द्रव्य दोषी ठरते. तेवढे दिवस पाठ भिजू देता येत नाही, ही गैरसोय सोसली तर पुढील कित्येक वर्षांचा अंधारातील शोध वाचतो.

वस्तूची परीक्षाही करता येते. सराफ जसा कसोटीवर सोन्याचा कस पाहतो, तसा निकेलचाही एक कस आहे. 'डायमिथाइलग्लायॉक्झिम' नावाचे द्रव्य अमोनियाच्या द्रावणासह कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर सुमारे अर्धा मिनिट घासावे. बोळा गुलाबी झाला तर त्या पृष्ठभागावरून निकेल सुटत आहे असे समजावे. परीक्षेचे तयार संच मिळतात. अमोनियाची वाफ डोळ्यांस झोंबते, म्हणून ही परीक्षा हवेशीर जागी, मुलांपासून दूर व वस्तूच्या आतल्या बाजूस करावी. बोळा पांढराच राहिला तरी वस्तू सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र मानू नये; अल्प प्रमाण या परीक्षेतून निसटू शकते.

उपाय

पहिला व मुख्य उपाय म्हणजे स्पर्श तोडणे. घड्याळाचा धातूचा पट्टा काढून कापडी किंवा सिलिकोनचा घ्यावा, आणि पट्टा बदलताना त्याची पकड धातूची नाही ना, हे पाहावे. पुष्कळदा पट्टा बदलतो व दोषी पकड तशीच राहते. मोबाईल, टॅब्लेट व लॅपटॉप यांना कडा झाकणारे आवरण घालावे. दीर्घ संभाषण गालास मोबाईल न लावता करावे. धातूची जाळी असलेल्या इयरफोनऐवजी प्लास्टिकचे किंवा सिलिकोनच्या टोपीचे घ्यावेत. चष्म्याची चौकट प्लास्टिकची अथवा टायटॅनियमची असावी. बटणावर किंवा बकलावर रंगहीन नखरंगाचा हात देण्याची युक्ती चालते. परंतु तो थर लवकर उडतो व पुनःपुन्हा द्यावा लागतो, हे विसरू नये. झोपताना घड्याळ काढून ठेवावे आणि पट्टा व मनगट दोन्ही पुसून कोरडे करावे.

स्टेनलेस स्टीलविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण वापरतो त्या पोलादाच्या बहुतेक प्रकारांत ८ टक्के अथवा त्याहून अधिक निकेल असते, परंतु ते आत घट्ट बांधलेले असते व बाहेर फारच थोडे सुटते. म्हणून चांगल्या प्रतीचे पोलाद बहुतेकांना सोसते. एखाद्या धातूत निकेल किती आहे यापेक्षा ते त्वचेवर किती सुटते, हाच खरा प्रश्न आहे. ज्यांस पोलादही सोसत नाही त्यांनी टायटॅनियमकडे वळावे.

उठलेल्या चट्ट्यावर थंड पाण्याची घडी ठेवल्यास खाज शमते. पुढील औषध वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावे. दुकानात सहज मिळणाऱ्या काही मलमांत नायट्याचे औषध व स्टेरॉइड एकत्र असतात. त्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते, आणि खरोखर नायटा असेल तर तो लपून अधिक पसरतो. असे मलम शेजाऱ्याने सुचविले म्हणून वापरणे हे धोक्याचे आहे. दातांना तारा बसविताना किंवा शरीरात धातूचा सांधा घालावयाचा असता आपणांस निकेलचे वावडे आहे हे वैद्यास आधी सांगावे.

आहाराविषयीही प्रश्न येतो. डाळी, सोयाबीन, सुका मेवा, चॉकलेट यांत निकेलचे अंश असतात, हे खरे आहे. परंतु बहुसंख्य रुग्णांना त्यामुळे त्रास होत नाही. स्पर्श टाळणे पुरेसे होते. काही थोड्यांना, स्पर्श टाळूनही विकार हटत नसता, वैद्य आहारात बदल सुचवितात. आपल्या शाकाहारी घरांत डाळी हाच प्रथिनांचा मुख्य आधार असल्याने, ऐकीव माहितीवर त्या सोडून देणे मुळीच इष्ट नाही.

व्यापाऱ्याचे कर्तव्य

डेन्मार्कने १९९० मध्ये निकेलयुक्त वस्तूंवर निर्बंध घातले. त्यामागून १९९४ साली युरोपीय संघाने निर्देश काढला व २००१ पासून तो पूर्णतः अमलात आला. त्वचेस दीर्घकाळ लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्यास ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, अशी मर्यादा त्यात आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. टोचलेल्या कानांत घालावयाच्या वस्तूंसाठी मर्यादा याहून कडक, ०.२ मायक्रोग्रॅम, आहे. डेन्मार्कमध्ये निर्बंधांनंतर ज्या मुलींचे कान टोचले गेले त्यांच्यात हे वावडे पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. औषधाने जे साधले नाही ते विक्रीच्या नियमाने साधले, ही गोष्ट व्यापाऱ्याने विचारात घेण्याजोगी आहे.

युरोपास माल पाठविणाऱ्यास ही मर्यादा पाळावीच लागते. मग तीच काळजी आपल्या शेजारच्या गिऱ्हाइकासाठी का घेऊ नये? आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, घड्याळे, मोबाईलची उपसाधने, चष्मे व नकली दागिने विकणाऱ्या सभासदांनी घाऊक माल घेतानाच पकड, कडा व फिरक्या कोणत्या धातूच्या आहेत हे उत्पादकास लेखी विचारावे. परीक्षेचा एक संच दुकानात ठेवावा. ज्या मालाची खात्री नाही त्यावर 'निकेलमुक्त' असा शिक्का मारू नये. घेतलेला पट्टा अंगास लागला म्हणून गिऱ्हाईक परत आले, तर त्याची थट्टा न करता दुसऱ्या प्रकारचा पट्टा दाखवावा. सराफांनी तान्ह्या मुलांच्या कानांसाठी चोख सोन्याचीच तार द्यावी, आणि पैशांच्या अडचणीमुळे कोणी मुलामा दिलेली वस्तू मागू लागल्यास तिचा धोका त्यास समजावून सांगावा. जर्मन सिल्व्हरच्या वस्तू विकताना त्यात चांदी नाही हे तर सांगावेच, त्याबरोबर त्यात निकेल आहे हेही सांगावे.

गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या मुनीमांकडे व नोकरांकडेही लक्ष असावे. २०१९ साली जाहीर झालेल्या वीस रुपयांच्या नाण्यासारखी काही नाणी निकेलमिश्रित धातूची आहेत. ज्याच्या बोटांस मूळचे वावडे आहे त्याची बोटे दिवसभर नाणी हाताळल्याने फुटू शकतात. अशा मनुष्यास काही दिवस दुसरे काम द्यावे आणि तपासणीचा खर्च पेढीने सोसावा, यात मोठेसे औदार्य नाही. तो साधा व्यवहार आहे.

घरातील वडीलधाऱ्यांस एवढेच सांगणे आहे की, मुलाच्या किंवा सुनेच्या मनगटावर चट्टा दिसला तर प्रथम रक्तास किंवा स्वच्छतेस दोष न देता त्या जागी काय बांधले जाते ते पाहावे. घड्याळ दोन-तीन आठवडे काढून ठेवावे, चट्टा निवळतो का हे पाहावे आणि मग त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना ते घड्याळही बरोबर न्यावे.